लॅबमधल्या मामांना, व्हायवा झाल्यावर

मामा, नमस्कार.

परवा माझा पीएचडीचा व्हायवा झाला. घरी पेढे वाटून झाले, सगळ्या ग्रुपवर फोटो पण गेले. पण थीसिसच्या आभाराच्या पानावर गाईड, विभागप्रमुख, आईपप्पा अशी ठरलेली नावं ठरलेल्या क्रमाने येतात आणि तुमच्या वाट्याला तिथे एकच ओळ आली. ती मला पुरत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मामा म्हणजे आमच्या नाशिकच्या कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये कितीतरी वर्षं काम करून रिटायर झालेले अटेंडंट. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी गोदावरीतल्या शिंपल्या घ्यायच्या म्हटलं तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की अगं पक्षी घे, नांदूरमधमेश्वर जवळ आहे, सोपं जाईल. तुम्ही काहीच बोलला नाहीत, कपाटातून दोन बरण्या काढून माझ्यापुढे ठेवल्यात. एकीतली शिंपली पांढुरकी, खडूसारखी झालेली, दुसरीतली आतून अजून चकचकीत. पहिली फॉर्मॅलिनमध्ये होती, दुसरी स्पिरिटमध्ये. फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आंबट होतं, त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि ते शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं, हे पुस्तकात नंतर वाचलं, पण डोळ्यांनी आधी पाहिलं ते तुमच्यामुळे. लेबल पेन्सिलनेच लिहायचं आणि बरणीच्या आत टाकायचं, कारण स्पिरिटमध्ये शाई उतरते, हेही त्याच दिवशी. माझ्या थीसिसमधला एकेक नमुना तसाच ठेवलाय मामा. परीक्षकांनी बरण्या मागवून घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं हे कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर.

आणि तो ग्लोकीडियमचा, म्हणजे शिंपलीच्या पिल्लाचा दिवस! आम्ही सगळ्यांनी ते पिल्लू फक्त तयार स्लाईडवर पाहिलेलं, गुलाबी रंग दिलेलं, मेलेलं. तुम्ही म्हणालात, हिचा बाहेरचा कल्ला बघ केवढा फुगलाय, ही भरलेली आहे. त्यातलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं तर इवल्या इवल्या शिंपल्या उघडमीट करत होत्या. पुढे ही पिल्लं माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटतात, तिथेच वाढतात आणि मग सुटून तळाशी जातात, म्हणजे नदीत मासे राहिले नाहीत तर शिंपल्या पण राहणार नाहीत. मला आयुष्यभर हेच करायचंय हे मला त्या दुपारी कळलं, सेट-नेट वगैरे सगळं नंतरचं.

मग पीएचडीला रत्नागिरीला गेले, भाट्याच्या खाडीत कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्यांवर काम. इथे सगळंच वेगळं. कालवाचं पिल्लू कुणाच्या अंगावर बसत नाही, दोनतीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग डावी शिंप खडकाला चिकटवून कायमचं तिथेच राहतं. तिथल्या बायका अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कोयती घेऊन उतरतात, मीही तिथी बघूनच फील्ड ठरवायचे. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की कालवाचं मांस कसं बदलतं हेच मोजत होते, मांस वाळवायचं, शिंपेच्या हिशोबात वजन काढायचं, परत पुढच्या महिन्यात तेच. नातेवाईक विचारायचे, नाशिकची पोरगी, आपल्याकडे समुद्र कुठाय? पण शिंपली उघडताना दोन्ही स्नायू कुठे कापायचे म्हणजे आतलं काही फाटत नाही, हे माझ्या हाताला गोदावरीच्या शिंपल्यांवरच बसलं होतं. कालवाला तर एकच स्नायू, मला सोपंच गेलं.

पहिलं पोस्टर लागलं तेव्हा तुम्हाला फोन केला होता. पेपर ॲक्सेप्ट झाला तेव्हा पण केला, तुम्ही म्हणालात, "फोटोत शिंपली सरळ ठेवलीस ना?" ठेवली होती मामा.

आता एक काम आहे. कॉलेजात जाऊन आले, कपाटातल्या बऱ्याच बरण्यांचं स्पिरिट खाली गेलंय आणि नवीन आलेला मुलगा चांगला आहे पण त्याला कुणी दाखवलेलंच नाही. मॅडमशी बोललेय, त्या हो म्हणाल्यात. दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस याल का? मी गाडी घेऊन म्हसरूळला येते न्यायला. थीसिसची एक प्रत तुमच्यासाठी बाईंड केलीय, ती पण त्याच दिवशी देते.

तुमची शिंपलीवाली
(तुम्ही याच नावाने हाक मारायचात)