जलदुर्ग नव्हे, भुईकोट

रविवार पुरवणीतील जर्मनीच्या फिशरिंग किल्ल्यावरील लेख वाचला. त्यात त्याला 'जलदुर्ग' म्हटले आहे, ते पटत नाही. सिंधुदुर्गाला समुद्राचे पाणी आयते मिळाले. म्युन्स्टरलँडच्या सपाट मुलखात आडोशाला डोंगर नाही, म्हणून श्टेवर नदीच्या पाण्याने खंदक भरावा लागला. हा पाणखंदकाचा भुईकोटच.

म्युन्स्टरच्या बिशपने तो १२७१ च्या सुमारास उभारला, तोही परचक्रासाठी नव्हे, शेजारच्या ल्युडिंगहाउझेन सरदारांना वेसण घालायला! राहता गोल कोट एका बेटावर, तबेले-कोठारे दुसऱ्यावर, मध्ये पूल. पुढचे बेट पडले तरी आतला कोट लढवता येई. १५२१ मध्ये किल्ला जळाला, पण जुन्याच पायावर पुन्हा बांधल्यामुळे गोलाई टिकली.

लेखात खंदकाला 'शोभेचे तळे' म्हटले आहे, तेही चुकीचे. अशा दलदलीच्या जमिनीत इमारतींचा पाया अनेकदा ओकच्या खुंटांवर असतो. पाण्याखाली ते शतकानुशतके टिकतात. पातळी उतरून हवा लागली की कुजतात, पाया खचतो आणि भिंतींना तडे जातात.

– एक वाचक, पुणे