जुनी कॅरव्हॅन देताना तिची वहीही द्या

संपादक साहेब,

जुनी कॅरव्हॅन (मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर) विकायला काढली की लोक बाहेरून चकचकीत रंग मारतात पण खरं दुखणं आत असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांचा सांगाडा लाकडी, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, जोडावरचं सीलंट (फट बुजवणारा लुकणासारखा थर) वाळलं की पाणी हळूच आत झिरपतं. आमच्या गाडीत खिडकीखालची पट्टी काढली तर लाकूड बोटाने कुस्करत होतं, ओल्या भुशासारखं! तेवढा भाग कापून नवीन लाकूड बसवलं, पट्टीखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी टेप) लावली. आता गाडी नव्या मालकाकडे गेली, सोबत फोटो आणि वही दिली, काय बदललं, गॅसचा पाइप कधीचा, टायर किती जुने (नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच). विकणाऱ्यांनो, प्लीज हे लपवू नका, आत कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत.

- एक वाचक