ट्रोजन काढला, तरी फॉरमॅट कशाला? आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, की अँटिव्हायरसने ट्रोजन (म्हणजे साध्या फाइलीचं सोंग घेऊन आत शिरणारा घातक प्रोग्रॅम) पकडला आणि काढूनही टाकला, मग वर आणखी सगळा कॉम्प्युटर पुसायचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं तर पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अँटिव्हायरस काढतो ती फाइल. त्या फाइलने चालू असताना कॉम्प्युटरमध्ये जे बदल करून ठेवले, ते बऱ्याचदा तसेच राहतात. खरी गोम तिथे आहे.

आधी तो आत कसा येतो ते बघू. ट्रोजन स्वतःहून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरत नाही. कुलूप फोडून येणारा चोर वेगळा आणि ‘मीटर बघायला आलोय’ म्हणून आपल्याकडूनच दार उघडून घेणारा वेगळा. हा दुसऱ्या जातीचा. म्हणून त्याची सगळी हुशारी आपल्याला डबल क्लिक करायला लावण्यात खर्च होते.

सगळ्यात जुनी युक्ती नावाची. विंडोजमध्ये ओळखीच्या प्रकारच्या फाइलच्या नावाचं शेपूट मुळात लपवलेलं असतं. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल आली तर शेवटचं ‘.ईएक्सई’ दिसत नाही, उरतं फक्त ‘बिल.पीडीएफ’. चित्राचं म्हणाल, तर प्रोग्रॅमचं आयकॉन प्रोग्रॅमच्या आतच असतं आणि बनवणारा त्याला हवं ते चित्र लावू शकतो, पीडीएफचं लाल चित्रसुद्धा. म्हणजे नावही खोटं आणि चेहराही खोटा. यावरचा उपाय एका मिनिटाचा आहे, आजच करा: कोणताही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक. विंडोज १०मध्ये ही टिक थेट ‘व्ह्यू’मध्येच आहे. त्यानंतर बिल किंवा पावती म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बीएटी किंवा एमएसआय दिसलं, तर उघडायचीच नाही. शॉर्टकट फाइलचं शेपूट मात्र ही टिक केल्यावरही दिसत नाही. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर ती शॉर्टकट समजा. ईमेलमधून आलेल्या शॉर्टकटला काहीही चांगलं कारण नसतं.

दुसरी युक्ती पासवर्ड लावलेल्या झिपची. ‘गोपनीय कागदपत्र आहे, पासवर्ड खाली दिला आहे’ असं ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. गोपनीयतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एकाच पाकिटात कुलूप आणि किल्ली कोण पाठवतं? पासवर्ड लावला की ईमेल कंपनीच्या तपासणीला झिपच्या आतलं दिसत नाही, एवढ्यासाठीच तो असतो.

वर्ड आणि एक्सेलच्या मॅक्रोचा, म्हणजे फाइलीच्या आतच बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, जमाना मोठा होता. २०१४मध्ये पहिल्यांदा दिसलेला इमोटेट नावाचा ट्रोजन पुढे अशाच फाइलींमधून पसरला. फाइल उघडली की पिवळी पट्टी यायची, ‘एनेबल कंटेंट’ दाबलं की खेळ सुरू. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षाच्या शेवटाकडे तो परत आला. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद करून ठेवले, तेव्हा या मंडळींनी वाट बदलली.

आत्ताची वाट नीट समजून घ्या, कारण तिच्यात फाइल उघडावीच लागत नाही. एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. तिच्यावर क्लिक केलं की पान गुपचूप एक लांबलचक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो ती जागा) ठेवून देतं. मग सूचना येतात: विंडोजचं बटण धरून ‘आर’ दाबा, मग कंट्रोल धरून ‘व्ही’, मग एंटर. पहिल्या पायरीला ‘रन’ची खिडकी उघडते, दुसरीला ती आज्ञा तिथे चिकटते, तिसरीला ती चालते. ‘रन’ची चौकट अरुंद असल्यामुळे लांब आज्ञेचा थोडासाच भाग दिसतो, आणि तिथे ‘व्हेरिफिकेशन नंबर’ वगैरे निरुपद्रवी मजकूर येईल अशी सोय केलेली असते. रोबोट नसल्याचा खरा पुरावा मागणारं पान तुम्हाला ब्राउझरबाहेरची खिडकी उघडायला कधीही सांगत नाही. आई, तू पाककृती शोधताना अशी चौकट आली तर पान सरळ बंद कर.

आता आत आल्यावर काय होतं ते. पहिली फाइल बहुतेकदा अगदी लहान असते. तिचं काम एकच, चोरांच्या सर्व्हरशी संपर्क साधून खरा माल खाली उतरवणं. तो माल जातो तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या ‘ॲपडेटा’मध्ये, नाहीतर सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये. दोन्ही फोल्डर एरवी लपवलेले असतात, आणि तिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही. बाबा, तुम्ही म्हणता ना, ‘परवानगी मागणारी खिडकी आलीच नव्हती’? ती येईलच असं नाही. तुमचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड हे सगळं तुमच्याच खात्यात आहे, आणि तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम तुमच्याच अधिकाराने चालतो. एवढं त्याला पुरतं.

दुसरं काम, कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावरही आपण परत चालू होऊ याची तजवीज. त्यासाठी तो रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) ‘रन’ नावाच्या यादीत स्वतःची एक ओळ घालतो, किंवा स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट ठेवतो, किंवा ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये काम नोंदवतो. तिसरी जागा त्रासदायक. तिथे ‘दर १० मिनिटांनी बघ, फाइल जागेवर आहे का, नसेल तर पुन्हा उतरव’ असं काम लावता येतं, आणि त्याला नाव दिलं जातं एखाद्या ‘अपडेट’चं. अँटिव्हायरसने सकाळी काढलेली फाइल संध्याकाळी परत दिसते, त्यामागे बहुधा हेच असतं.

आणि मग बदल. तीन दाखवते, हे तुम्हाला स्वतः तपासता येतील.

विंडोज फोल्डरच्या आत ‘सिस्टिम३२’, त्यात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’ असा फोल्डर आहे आणि त्यात ‘होस्ट्स’ नावाची साधी मजकुराची फाइल. एखाद्या वेबसाइटचा पत्ता शोधताना विंडोज आधी हिचा सल्ला घेतं. नव्या कॉम्प्युटरवर तिच्यातली प्रत्येक ओळ ‘#’ने सुरू होते, म्हणजे ती नुसती टिपणं असतात. ट्रोजन खाली एक ओळ घालतो: १२७.०.०.१, आणि पुढे अँटिव्हायरस कंपनीच्या वेबसाइटचं नाव. १२७.०.०.१ म्हणजे स्वतःचाच कॉम्प्युटर. परिणाम असा, की इतर सगळ्या साइट उघडतात, फक्त अँटिव्हायरसची उघडत नाही आणि त्याचं अपडेटही येत नाही. नोटपॅडमध्ये उघडून बघा. ‘#’ नसलेली ओळ दिसली तर फोटो काढून मला पाठवा. एखादा भला प्रोग्रॅमही तिथे ओळ घालू शकतो, तेव्हा लगेच पुसू नका.

दुसरा बदल प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते त्या मध्यस्थाचा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’. तिथलं ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ घरच्या कॉम्प्युटरवर सहसा बंद असतं. ट्रोजन ते चालू करून तुमची सगळी ये-जा आपल्याच एका प्रोग्रॅममधून वळवू शकतो. गंमत पुढे आहे. अँटिव्हायरसने तो प्रोग्रॅम काढला, पण सेटिंग तसंच राहिलं, तर ब्राउझर आता अस्तित्वात नसलेल्या दाराशी जाऊन उभा राहतो. वायफाय पूर्ण दाखवतं आणि एकही पान उघडत नाही. लोक राउटरला दोष देतात. ते बटण बंद करा, इंटरनेट परत येतं.

तिसरा बदल सगळ्यात लबाड. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. इथे लिहिलेल्या जागा डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासत नाही. ट्रोजनला एकदा ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळाला, की तो स्वतःचा फोल्डरच काय, अख्खा सी ड्राइव्ह इथे लिहून ठेवू शकतो. मग स्कॅन अगदी झटपट होतं आणि ‘काही सापडलं नाही’ म्हणतं. म्हणून स्कॅनवर विश्वास ठेवण्याआधी ही यादी बघायची. तुम्ही काही घातलं नसेल तर ती रिकामी असली पाहिजे.

याशिवाय ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन, बदललेलं सर्च इंजिन, टास्क मॅनेजर उघडायला मनाई, वगैरे. हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्याची मला कमी काळजी वाटते. चांगला ट्रोजन काहीच दाखवत नाही. १९८९मध्ये पोस्टाने फ्लॉपीवर पाठवलेला एड्स नावाचा ट्रोजन कॉम्प्युटर सुमारे ९० वेळा चालू होईपर्यंत गप्प बसायचा, मग फाइलींची नावं उलटीपालटी करून १८९ डॉलर मागायचा. आजचे चोर तर बऱ्याचदा पैसे मागतही नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज काही मिनिटांत उचलतात आणि कधी कधी स्वतःला पुसूनही टाकतात.

कुकीजचं समजून घ्या. एकदा लॉगिन केल्यावर साइट पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत नाही, कारण ब्राउझरकडे एक खूण ठेवलेली असते. ती चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून ‘माझ्याकडे ओटीपी आहे ना’ हा दिलासा इथे बऱ्याचदा लागू पडत नाही. पासवर्ड बदलल्यावर खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करायचं, ते यासाठी.

शंका आली तर क्रम असा ठेवा. आधी इंटरनेट तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा. बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर तीही काढा. त्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड मुळीच बदलू नका, नवा पासवर्डही टिपला जाईल. फोनवरून बदला, आणि पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट त्याच पत्त्यावर येतात. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगही बघा. तिथे अनोळखी पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही पत्रं जातच राहतात. त्यानंतर बँक, आणि व्यवहारांत काही वावगं दिसलं तर बँकेच्या अधिकृत नंबरवर लगेच फोन.

मग स्कॅन. ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)’ निवडा. उघड्या फाइली आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. साधारण १५ मिनिटं लागतात. साध्या स्कॅनमध्ये विंडोज चालू असतं आणि त्याच्याबरोबर ट्रोजनही, त्यामुळे तो लपू शकतो. ऑफलाइन स्कॅनमध्ये तुमचं नेहमीचं विंडोज सुरूच झालेलं नसतं.

एवढं केल्यावर आता तुमच्या प्रश्नाकडे. नुसती जाहिराती दाखवणारी पिडा असेल तर इथे थांबलात तरी माझी हरकत नाही. पण पासवर्ड चोरणारा किंवा बाहेरून ताबा देणारा ट्रोजन सापडला असेल, तर त्याने काय काय बदललं याची पूर्ण यादी कोणीच देऊ शकत नाही, मीही नाही. एकेक बदल शोधत बसण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणं सोपं आणि खात्रीचं. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. तो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करायचा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे आधीच लक्षात घ्या. कॉम्प्युटरमधून फोटो, पीडीएफ, हिशोबाच्या शीट एवढंच बाहेर काढा. डाउनलोड केलेले प्रोग्रॅम आणि सेटअप फाइली मुळीच नकोत, नाहीतर ट्रोजन आपल्याच हाताने परत आणाल. बाबा, तो क्रॅक केलेला (पैसे न भरता चालावा म्हणून कुलूप तोडलेला) फोटो एडिटरही त्यातच मोडतो. क्रॅक चालवायच्या सूचनांत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून काय ते समजा.

नव्या विंडोजवर दोन खाती करू: एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड वहीत, आणि रोजच्या वापराला तुमचं साधं खातं. मग काही टाकायचं झालं की पासवर्ड मागणारी खिडकी येईल, आणि तिच्यात ‘पब्लिशर’पुढे ‘अननोन’ दिसलं तर ‘नो’ दाबायचं. आई, तुझं खातं वेगळंच करते, म्हणजे तुझे फोटो बाबांच्या प्रयोगांपासून लांब राहतील.

आणि स्क्रीनभर लाल पान येऊन भोंगा वाजला, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा’ असं म्हणालं, तर नुसतं ते पान दिसण्याने ट्रोजन आलेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का असं विचारेल, तेव्हा नको म्हणा.

एक्सक्लूजन्सची यादी आणि होस्ट्स फाइल या दोन्हींचे फोटो मला पाठवा, मग पुसायचं की नाही ते ठरवू.

तुमची लेक