बाजरीच्या माहेराहून

टामाले, घाना
4 मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई मध्येच बोलून पुरं करते. म्हणून या खेपेला लिहूनच पाठवतोय. ताईला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

आधी त्या डबीचं. ताईने फोटो पाठवला होता. 60 कॅप्सूल, 700 रुपये, झाकणावर आफ्रिकेचा नकाशा आणि खाली 'मोरिंगा'. बाबा, मोरिंगा म्हणजे शेवगा! विहिरीवरचा आपला शेवगा, ज्याच्या फांद्या छाटून तुम्ही शेळ्यांपुढे टाकता. झाड मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं, इकडे ते आपल्याकडून आलं. इथे त्याला हौसा भाषेत झोगाले म्हणतात. बायका पाला उकडून पिळून घेतात, त्यात कांदा, मिरची आणि कुली-कुलीचा चुरा घालतात. कुली-कुली म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेल्या पेंडीची तळलेली कडबोळी, दाताखाली दगडासारखी लागतात. आई, थोडक्यात तुझीच कूट घातलेली पाल्याची भाजी. कॅप्सूलमध्ये पावडर बसते चिमूटभर, इथे माणसं खातात वाटीभर. तू वाटीभरच खा, वर लिंबू पिळ आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. पाल्यातलं लोह शरीर तसं कमीच उचलतं, नुसत्या भाजीवर तुझं हिमोग्लोबिन 9 वरून वर यायला फार वेळ लागेल.

आता तुझा नेहमीचा प्रश्न, 'तिकडे खातोस तरी काय?' आई, मी बाजरी खातो. चवळी खातो. आणि बाबांना हे वाचून राग येईल, पण ही दोन्ही आपली नाहीत, यांची आहेत. बाजरी पहिल्यांदा माणसाळली ती सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात. मालीमध्ये उत्खननात सुमारे 4500 वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे. आपल्याकडे ती त्यानंतर आली. चवळीचंही तेच. कुमासीहून टामालेला येताना किंटांपो नावाचं गाव लागतं. त्या भागातल्या जुन्या वस्त्यांमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चवळीचे जळके दाणे मिळालेत. मी तिथे बसमधून उतरून चवळीचेच वडे खाल्ले होते, तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

त्या वड्यांना कोसे म्हणतात. चवळी भिजवून, सालं चोळून काढून, वाटून, हाताने इतकी फेटतात की पीठ दुप्पट होतं. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर कढया चढलेल्या असतात. सोबत बाजरीचा हौसा कोको. बाबा, कोको म्हणजे चॉकलेटचा नव्हे, जरी त्या कोकोसाठीही घाना जगात नाव राखून आहे. ही आपली आंबीलच. बाजरी भिजवायची, आलं, लवंग आणि मिरी घालून दळायची, फडक्यातून गाळून आंबू द्यायची आणि मग उकळत्या पाण्यात शिजवायची. पहिला घोट घेतला आणि आजीची मातीची चूल डोळ्यांसमोर आली. फक्त तिने त्यात कधी लवंग घातली नव्हती.

वाचे म्हणून एक प्रकार आहे, भात आणि चवळी एकत्र शिजवलेला. त्याचा रंग काथासारखा लाल. मी आठवडाभर कसला मसाला असेल याचा विचार करत होतो. शेवटी विकणारीने पातेल्यातून चिमट्याने काय बाहेर काढलं सांगू? ज्वारीच्या ताटाची वाळकी पानं! तीच भातात उकळतात, चवळी लवकर शिजावी म्हणून पापडखारासारखा एक खार टाकतात, आणि रंग चढतो. बाबा, तुमच्या कडब्याच्या गंजीत किती वाचे पडून आहे याचा हिशोब करा.

पण खरी गोष्ट दावादावाची. माझी घरमालकीण साठीच्या पुढची आहे, हजला जाऊन आलेली, म्हणून सगळे तिला हाजिया म्हणतात, मीही. राहायला आलो त्याच महिन्यात एक दिवस अंगणातून असा वास सुटला की कौलाखाली उंदीर मेला असं समजून मी खोलीभर शोधत होतो. तो दावादावा होता. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बागांत चेंडूफळाचं झाड असतं बघा, लोंबत्या दांड्यांना चेंडूसारखी फुलं येणारं, त्याच्याच जातकुळीतलं हे झाड. एप्रिल-मेमध्ये शेंगा पिकतात. आत हळदीसारखा पिवळा गोड गर असतो, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा पोरं तो खातात आणि तोंडं पिवळी करून हिंडतात. सध्या आमच्या गल्लीत सगळी पोरं तशीच आहेत.

गरातल्या काळ्या बिया चिंचोक्याहून चिवट. हाजिया त्या दिवसभर चुलीवर उकळते. मग उखळात राख घालून कांडते, सालं सुटली की पाण्यात पाखडते आणि उरलेली डाळ पुन्हा उकळते. मग टोपलीत भरून, वर पोतं दाबून, दोन-तीन दिवस कोपऱ्यात. पोतं उचललं की दाण्यांना तारा सुटलेल्या असतात, तपकिरी चिकट, आणि वास तर मी सांगितलाच. त्याचे लाडू वळून उन्हात वाळवतात. रश्शात सुपारीएवढा तुकडा चुरला की वास कुठच्या कुठे जातो आणि मटण न घालता मटणाची चव येते. डाळीसारखी प्रथिनंही भरपूर. गरिबाच्या भांड्यात सुकी मासळी नसली तर हाच आधार. हल्ली तरण्या सुना रश्शात दावादावाऐवजी दुकानातल्या खारट मसाल्याच्या वड्या टाकतात, त्यावरून हाजियाची रोज कुरकुर चालते. मला तिचंच पटतं. त्या वडीत मुख्यतः मीठच असतं, आणि या गल्लीत बीपीच्या गोळ्या खाणारे कमी नाहीत.

रात्रीचं जेवण म्हणजे टुओ झाफी. मक्याचं किंवा बाजरीचं पीठ रटरटत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा, आणि सोबत आयोयोचा रस्सा. आयोयो म्हणजे गोणपाटाच्या ज्यूटची कोवळी पानं. बारीक चिरून शिजवली की भेंडीसारखी तार सुटते. घास तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. पहिले चार दिवस मी चावून खात होतो, तर हाजियाची नातवंडं मला बघायला गोळा व्हायची. पावसाळा संपला की आयोयो महागतो. मग गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांची पूड येते. आपण वसईच्या किल्ल्यात ते ढेरपोट्या बुंध्याचं झाड पाहिलं होतं ना, तीच गोरखचिंच. इथे तिचं पान रश्शात आणि फळातला पांढरा आंबट गर पाण्यात. त्या गरात 'क' जीवनसत्त्व भरपूर असतं. अशा माणसांना आपण बाहेरून येऊन पोषण शिकवतो, याची मला कधीकधी लाज वाटते.

बाबा, तुम्ही विचारलेलं लाल सरबत म्हणजे सोबोलो. अंबाडीची बोंडं आलं-लवंग घालून उकळतात. रक्तदाब थोडा उतरतो हे खरं आहे, तशा चाचण्याही झाल्यात. पण तुमची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पेलाभर सुरू करू नका, आणि गोळी बंद करून तर मुळीच नको. शिवाय इथे बाटलीत मिळतं त्यात साखर इतकी असते की तुमची शुगर दुसऱ्याच दिवशी बोलेल. आईने घरची बोंडं बिनसाखरेची उकळली तर गोष्ट वेगळी.

फेब्रुवारीत मला मलेरिया झाला होता. तेव्हा सांगितलं नाही, आता बरा आहे, ओरडू नका. रक्त तपासलं, गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स घेतला. त्या तीन दिवसांत हाजिया कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळीला पाणी आणून द्यायची. शहरात रस्तोरस्ती कडुनिंब आहे, तोही इंग्रजांच्या काळात भारतातून आलेला. ती काढा प्यायलाही सांगत होती. तो मी गोळ्यांसोबत घेतला नाही, अंघोळ मात्र केली. ताप गेला तो गोळ्यांनी. पण आजारपणात कोणी तरी दारात बादली ठेवून जातं, हे इथे एकटं पडल्यावर फार मोठं वाटतं. दक्षिणेकडे मांपाँग गावी 1975 पासून सरकारी वनौषधी संशोधन केंद्र आहे, ओकू आम्पोफो नावाच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं. तिथे अशी पाळंमुळं तपासून, मापात बसवून औषधं करतात. हाजियाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तपासू देत, माझं पाणी तोवर थंड होतंय.

दिवाळीला येताना आईच्या टाचांसाठी शियाचं लोणी, म्हणजे इथल्या शिया झाडाच्या बियांतून काढलेलं घट्ट तूप, आणतोय. दावादावा आणत नाही, विमानतळावरून परत पाठवतील आणि तिथून सुटलो तर तू उंबऱ्यावरून.

आणि आई, एक काम आहे. बाजरीची भाकरी म्हणजे काय ते हाजियाला कळेचना. बाजरी चपटी करून भाजायची कशाला, असं तिचं म्हणणं. मागच्या रविवारी तिच्याच अंगणात, तिच्याच पिठाची थापायला बसलो. दोन परातीतच फुटल्या, तिसरी तव्यावर टाकताना मोडली. बाहेर पडलेला तुकडा तिने आयोयोत बुडवून खाल्ला आणि 'अजून कर' म्हणाली. पाणी कोमट घेतलं होतं, तिथेच चुकलं का? उकळतं घ्यायचं की नुसतं कढत, आणि मळायचं किती वेळ, ते ताईकडून लिहून पाठव. रविवारी पुन्हा बोलावलंय.

तुमचा,
बाळू