तुला कोण धरणार?

दाभोळ, १४ नोव्हेंबर

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेणारे तुझे जहाज अर्जेंटिनातल्या उश्वायाहून सुटण्याआधी निखिल या पत्राचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. ज्यावरून आपले बिनसले ते पुन्हा काढायचे नाही, असे मी ठरवले आहे. ड्रेक सामुद्रधुनीत दोन दिवस जहाज हेलकावे खाईल, तेव्हा माईने दिलेल्या आल्याच्या वड्या जवळ ठेव.

तू सांगितलेले सगळे माझ्या लक्षात आहे. एका वेळी शंभरांहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत, प्रत्येकाचे बूट जंतुनाशकाने धुवायचे, पेंग्विनांपासून पाच मीटर दूर राहायचे. आणि बर्ड फ्लूच्या भीतीने, जो २०२४ साली अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही सापडला, तिथे खाली बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. पेंग्विनांनी बर्फात पाडलेल्या वाटेवर त्यांना आधी जाऊ द्यायचे, हे ऐकले तेव्हा मला वेळासच्या किनाऱ्यावरचा दोर आठवला. कासवांच्या पिल्लांवरची टोपली उचलण्याआधी नऊ वर्षांची तू त्या दोरापाशी उभी राहून मुंबईच्या पाहुण्यांना ‘मागे सरा, ही पिल्लांची वाट आहे’ असे बजावत होतीस, आणि ती मोठी माणसे मुकाट्याने मागे सरली होती. त्या संध्याकाळी तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

मग काळजी कसली, असे तू विचारलेस. रबरी होडीतून माणसे उतरताना तू शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात उभी राहून एकेकाला धरणार. तुला कोण धरणार?

माझ्या डाव्या पायाची हकिकत तुला ठाऊक आहे, पण खरी नाही. दोर तुटला, असे मी घरात सांगत आलो. दोर तुटला नव्हता. श्रावणातल्या उधाणात एका म्हाताऱ्या बाईला लाँचमधून उतरवताना मी खांबाला धरलेला हातही सोडून तिच्याकडे केला. ती धक्क्यावर पोहोचली आणि मी लाँच व धक्का यांच्या फटीत गेलो. तू माझ्यावर गेली आहेस, असे सगळे म्हणतात तेव्हा मला आनंद होतो, आणि हल्ली त्याच विचाराने रात्री जागही येते.

म्हणून सांगतो, आधी लाटेकडे पाहावे, प्रवाशाकडे नंतर. एक हात होडीच्या दोरावरून कधीच काढू नये. आणि कुणी घाई केली तर त्याला खुशाल बसवून ठेवावे, मग त्याने कितीही पैसे भरलेले असोत. क्षमा कर, बोलायचे नाही म्हणत तेच बोललो. हे तुला तिथल्या जाणत्यांनी माझ्याहून चांगले शिकवले असेल. आमच्या खाडीचे पाणी निराळे आणि ते निराळे.

देवमाशांबद्दल सवडीने लिही, मला ते वाचायचे आहे. तोवर एकच कळव. जहाजावर परतलेला प्रत्येक प्रवासी फळ्यावरचा आपला बिल्ला उलटा करतो, म्हणजे मागे कुणी राहिले नाही हे कळते, असे तू म्हणाली होतीस. त्या फळ्यावर तुझा बिल्ला आहे ना?

तुझे,
बाबा