तुझ्या बांधावरची चिंच जळाऊत घालू नको

प्रिय बाल्या,

तुझा मेसेज वाचला, फोन करणार होतो पण फोनवर तू निम्मंच ऐकतो म्हणून लिहूनच काढतो. मृगाच्या वादळात बांधावरची चिंच आडवी झाली अन् तू ती सगळी वीटभट्टीवाल्याला देऊन राहिला? काहून बे? सरळ फांद्या दे त्याला खुशाल, पण जिथून दोन मोठ्या खांद्या फुटतात ते बेचकं अन् बुडाजवळच्या गाठी मला खरादून वाट्या, बाऊल करायला पाहिजेत. तसंही तो ते आधी बाजूलाच टाकेल, कुऱ्हाडीनं फुटत नाही ना. अन् फुटत नाही कारण आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, नक्षी त्याच्यातूनच निघते.

इथं नागपुरात लकडगंजच्या टिंबर मार्केटात पण हेच. सागाची सरळ फळी मोजून मापून देतील, अन् वाकडं, गाठीचं काही दिसलं की "ते जळाऊ आहे भाऊ, किलोवर घेऊन जा". मी शिसमाचं एक बेचकं असंच ढिगातून उचललं होतं, चिखल लागलेलं, काळपट, बाहेरून काहीच दम नाही. उभं मधोमध चिरलं तं मधल्या शिरेपासून दोन्हीकडं मोरपिसासारखे पट्टे, अर्धे सोनेरी अर्धे जांभळट. दोन खांद्यांचं लाकूड जाड होत जातं तसं ते एकमेकांवर दाबल्या जातं, तंतू वळतात, अन् उजेड प्रत्येक वळणावरून वेगळा परततो. म्हणून वाटी हातात फिरवली की पट्टे हलल्यासारखे वाटतात. आई म्हणे पेंट मारला का रे याला.

आता तुझी चिंच. चिंचेचं लाकूड म्हणजे जुन्या लोकांनी तेलाच्या घाण्याला वापरलेलं, खाटकाचा ओंडका पण चिंचेचाच असतो, एवढं चिवट. जुन्या झाडात मधे काळा-जांभळा गाभा मिळतो, बाहेरचं सगळं पिवळट. तुझं झाड आजोबांच्या वेळचं, म्हणजे गाभा नक्की असणार.

हे नीट वाच. चेन सॉवाल्याला सांग की १० इंची बाऊल पाहिजे तर तुकडा १२-१३ इंच लांब ठेव, कारण टोकं तडकतातच, ती नंतर उडवावी लागतात. मग तुकडा उभा चिरायचा, टोकाला वर्तुळांच्या बरोब्बर मधे जो ठिपका दिसतो त्याच्यातून. तो ठिपका आत राहिला की फट तिथूनच सुरू होते, कारण लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मधून सालीकडच्या दिशेनं आकसतं, मग ताण कुठं तरी निघणारच. चिरल्या चिरल्या त्याच दिवशी दोन्ही टोकांना घरात उरलेला ऑइल पेंट जाड चोपड, मेण वितळवून लावलं तं अजून चांगलं. सावलीत, विटांवर, जमिनीला न टेकवता ठेव. नशीब तुझं की झाड आता पडलं, मे महिन्यात पडलं असतं तं ४५ डिग्रीत दोन दिवसात तडतड फुटलं असतं. पावसाळ्यात हळूहळू वाळतं.

एखादा पिवळ्या लाकडाचा तुकडा मात्र मुद्दाम मातीवर उभा करून ठेव, पालापाचोळ्यात, पावसात. बुरशी चढू दे. वेगवेगळ्या बुरश्या आत शिरतात अन् जिथं एकीची हद्द दुसरीला लागते तिथं काळी बारीक रेघ तयार होते, पेनानं काढल्यासारखी. पण दिवाळीच्या पुढं ठेवू नको, लाकूड भुसभुशीत झालं की लेथवर, म्हणजे खरादाच्या मशीनवर, टिकत नाही. ते खरादताना मी मास्क लावतोच, साध्या भुशापेक्षा ती धूळ वाईट.

अन् खिळे बघ आधी! चिंच म्हटलं की कोणी ना कोणी भुताच्या नावानं खिळा ठोकलेला असतोच, आपल्या गावात तं नक्कीच. कापल्यावर निळा-काळा डाग दिसला की समजायचं आत लोखंड आहे, लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लोखंडाला लागून तो रंग येतो. चेन सॉची चेन गेली तं तो माणूस तुझ्याच नावानं बोंबलेल.

माझ्याकडं आलं की ओलंच खरादून घेईन, भिंत जाड ठेवून, १० इंचाला १ इंच. मग कागदी पोत्यात त्याच्याच छिलक्यात काही महिने. वाकडं होऊ दे, मग परत चढवून गोल करायचं. बाहेरून बुडाकडून काठाकडं, आतून काठाकडून मधे, एवढं पाळलं की हत्यार तंतू दाबत जातं, उपटत नाही. पण नक्षीच्या लाकडात तंतू मधेच उलटे फिरतात, तिथं काही नियम चालत नाही. गाऊजला, म्हणजे खरादायच्या पन्हाळीसारख्या हत्याराला, नवी धार लावायची अन् शेवटचा हात अगदी कागदाएवढा पातळ, श्वास रोखून. खसकन आवाज यायच्या ऐवजी सुईसुई आवाज आला की काम जमून राहिलं.

आजकाल लोक अशा लाकडावर वरून कंगोरे, खाचा पाडतात, चमकी घातलेलं निळं इपॉक्सी, ते घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं रसायन, ओततात. पाहून डोकं फिरतं बाप्पा! ज्याच्या अंगावर एवढं आहे त्याला अजून कशाला सजवता, साधा खोलगट आकार द्या अन् हात काढा.

वहिनीला सांग, लाटणं यातून नाही होणार. लाटण्याला सरळ रेषेचं लाकूड लागतं, नाही तं दुसऱ्या पावसाळ्यात केळ्यासारखं वाकतं. त्यांच्यासाठी सरळ फांदीचं बाभळीचं करतो. पोरासाठी तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाकं मात्र चिंचेची, ती चारी गावभर ओढली तरी झिजणार नाहीत.

तेल तिकडच्या घाण्यावरचं जवसाचं पाठव, एक बाटली. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, त्यात वाळवायची केमिकल असतात, खायच्या भांड्याला चालत नाही. अन् तेलाचं फडकं चोळामोळा करून टाकायचं नसतं, आपोआप तापून पेट घेतं, मी पसरवून वाळवतो.

गाडीत घालायच्या आधी तलाठ्याला अन् वनविभागाला विचारून घे, चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. झाड वादळानं पडलं याचा पंचनामा, फोटो असला की बरं. एसटीत टाकू नको, ओलं लाकूड भल्ल जड असतं. तुझा तो संत्र्याचा टेम्पो रिकामा येत असला तं त्यातच टाक, भाडं मी देतो, पण आधी सांग, मी रविवारी घरी नसतो.

तुझाच,
मन्या