लाउबरहॉर्नची उतारशर्यत

मा. संपादक,

स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे एर्न्स्ट गेर्ट्श यांनी १९३० साली सुरू केलेल्या लाउबरहॉर्न स्की शर्यतीची बातमी आपल्याकडे दोन ओळींत आटोपली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांसमोरून उतरणारा सुमारे साडेचार किलोमीटरचा हा मार्ग विश्वचषक मालिकेतील सर्वांत लांब उतार असून, तो पार करायला अडीच मिनिटे लागतात. म्हणजे येथे धाडसाइतकाच पायांतील दमही पणाला लागतो. हुंडशॉप्फच्या कड्यावरून खेळाडू हवेत झेपावतो, पुढे डोंगरी रेल्वेच्या पुलाखालच्या अरुंद बोगद्यातून अंग चोरून निघतो, आणि शेवटच्या वळणांवर मांड्या थरथरताना दूरचित्रवाणीवरही स्पष्ट दिसतात. फ्रान्सच्या योहान क्लारे यांनी २०१३ मध्ये याच मार्गावर ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला होता. मात्र १९९१ मध्ये गेर्नोट राइनश्टाडलर हा तरुण ऑस्ट्रियन खेळाडू येथेच, अंतिम रेषेजवळ सुरक्षाजाळीत अडकून प्राणास मुकला, हेही विसरता येत नाही. येत्या जानेवारीत आपण या शर्यतीला निदान अर्धे पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे